विहिरीच्या आईचा निकाल

माझी ताई शिवणकाम करते आणि बोलताना अडखळते. तिच्याबद्दल लोकांना एवढ्या दोनच गोष्टी ठाऊक असतात, आणि दुसरीच्या नादात पहिलीचं कौतुक राहून जातं. खिडक्यांचे पडदे, सोफ्यांची कव्हरं, बापाचा कोट उसवून मुलाच्या मापाचा करणं, हे तिचं काम. एका कोटाला ती तीन दिवस घेते. पण हा कोट आधी दुसऱ्या कुणाचा होता, हे तयार कोट बघून कुणी ओळखून दाखवावं. काम करताना टाचण्या ओठांत धरते. लहानपणी मला वाटायचं, टाचण्यांमुळेच तिला बोलता येत नाही. मोठेपणी कळलं की गोष्ट उलटी आहे. टाचण्या ओठांत असल्या की तिला कुणी काही विचारत नाही.

मी तिचा धाकटा भाऊ. पस्तीस वर्षं मी दुकानांतले वजनकाटे तपासले. पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं, आतून पोकळ केलेली वजनं, तळ ठोकून वर घेतलेली मापं, सगळं बघितलं. माणूस प्रामाणिक असतो यावर माझा विश्वास आहे, फक्त तो मी आधी काट्यावर ठेवून बघतो. माझं लग्न का झालं नाही असं लोक विचारतात. बोलणी करायला एकदाच गेलो होतो. मुलीच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि निघता निघता मी त्यांचा काटा तपासला. किलोमागे पन्नास ग्रॅम कमी भरले. पुढची बोलणी झाली नाहीत. ताईचं लग्न का झालं नाही हे मात्र कुणी विचारत नाही. लोक तिचं एक वाक्य ऐकतात आणि उत्तर स्वतःच काढून मोकळे होतात.

तर आम्ही दोघं आईवडिलांच्या घरात राहतो. पुढची खोली तिची, मशीन आणि कापडांनी भरलेली. मागची माझी. मधे स्वयंपाकघर.

लहानपणापासून तिची वाक्यं मी पुरी करत आलो. ती 'मला' म्हणाली की मी 'पाणी' म्हणायचो, आणि आई पाणी आणायची. दवाखान्यात, बँकेत, फोनवर, तिने सुरुवात करायची आणि शेवट मी. तिचे हाल बघवत नाहीत म्हणून. तीस वर्षांपूर्वी एका नाटक कंपनीचा माणूस घरी आला होता. त्यांच्या कपड्यांच्या विभागात तिला कामाला न्यायचं होतं, दुसऱ्या शहरात. त्याने विचारलं, येणार का? ताईने तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले, आणि आवाज काही येईना. तो माणूस चपला बघायला लागला. शेवटी मीच सांगून टाकलं, "तिला नाही जमणार." माणूस चहा पिऊन गेला, ताई मशीनवर जाऊन बसली. मी भावाचं कर्तव्य केलं असं मला वाटलं, आणि परवापरवापर्यंत तसंच वाटत होतं.

निवृत्त झालो आणि माझं लक्ष घराकडे गेलं. निवृत्त माणसाला तपासायला दुसरं काय उरतं? पहिल्याच महिन्यात मला समजलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

ताई दर रविवारी दुपारी चारला बाहेर जात होती. मी समजत होतो, मापं घ्यायला जाते. पण मापाची टेप तर खुंटीवरच. मग एके दिवशी तिच्या कापडांत एक पांढरा झगा दिसला, पायघोळ, बाह्या रुंद, काठाला हिरव्या फेल्ट कापडाची पानं टाचलेली. हे कुणाचं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मा... मा..."

"मावशीचं?" मी म्हणालो. तिने मान हलवली आणि काम करू लागली. नंतर मला आठवलं की आम्हाला मावशीच नाही.

त्यानंतर कपाटात मुंडकं सापडलं. प्लास्टरचं, डोळे मिटलेलं, कपाळावर निळ्या रंगाची गोल नक्षी. अस्तराच्या कापडात नीट गुंडाळून ठेवलेलं. वजन अंदाजे अडीच किलो. मी ते होतं तसं परत ठेवलं आणि त्या दिवशी जेवलो नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत विचित्र. मशीन चालवताना ती काहीतरी पुटपुटायची. दाराआड उभं राहून मी ऐकलं. "तीन गोष्टी पाण्याला परत द्याव्यात: उसनं लोखंड, खोटी शपथ, आणि ज्याला मालक नाही ते दुःख. तीन जणांना वाट द्यावी: आंधळ्याला, गायकाला, आणि जो चुकून इथे आला त्याला." मशीनच्या तालावर, एकदाही न अडखळता. माझी ताई, जिला दुधवाल्याला 'नको' म्हणायला अर्धा मिनिट लागतो, ती! मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगतो, मी घाबरलो. माणसाच्या तोंडातून त्याचं नसलेलं बोलणं कधी येतं? कुणीतरी ते पढवलेलं असतं तेव्हा.

आणि मग तिच्या मापांच्या वहीत एक छापील अर्ज निघाला. भाड्याची खोली मिळण्याबाबत. पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाचा. खाली ताईची सही. राहणाऱ्यांची संख्या हा रकाना कोरा.

आता मला सगळं लख्ख दिसायला लागलं. झगा, मुंडकं, मंत्र, खोली. वर्तमानपत्रात असल्या बातम्या मी वाचत आलोय. कुणीतरी गोड बोलून एकट्या बाईला नादी लावतो, घरातून उठवतो, आणि घरच्यांना पत्ता लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. माझी ताई माझ्या डोळ्यांदेखत चालली होती आणि मी मागच्या खोलीत पेपर वाचत होतो. तिला सरळ विचारायचं? विचारलं असतं तर पाऊण तास गेला असता आणि शेवटी उत्तर मीच दिलं असतं. त्यापेक्षा आपली तपासणी बरी.

पुढच्या रविवारी मी तिच्या मागे गेलो. दोन गल्ल्या सोडून, बेकरीच्या पुढे, घड्याळदुरुस्तीचं एक दुकान आहे. ती आत गेली, शटर अर्धं खाली आलं. सव्वासात वाजता बाहेर आली तेव्हा हसत होती. रस्त्यात एकटीच हसत चाललेली बाई कधी बघितलीत? मला तर ते हसणंच खुपलं.

सोमवारी मी चालू असलेलं घड्याळ घेऊन त्या दुकानात गेलो. घड्याळवाला माझ्याच वयाचा, डोळ्याला भिंग लावलेला, बोटं बारीक. त्याने घड्याळ कानाशी नेलं आणि परत केलं.

"याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही ताईंचे भाऊ ना? नाक तेच आहे. या, बसा."

ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवून गेलो होतो, आणि नाकाने घात केला. मग सरळच विचारलं, रविवारी इथे काय चालतं?

त्याने लपवलं काहीच नाही, आणि म्हणूनच माझा संशय वाढला. म्हणाला, खेळ चालतो. एका काल्पनिक जगाचा. एक जण गोष्ट सांगतो, तो मी. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मी सांगायचं, समोर नदी आहे, पूल तुटलाय. त्यांनी सांगायचं, आम्ही काय करतो. जमलं की नाही हे फासे ठरवतात. सहा वर्षं एकच गोष्ट चाललीय.

"आणि ते मुंडकं?"

"ते धर्मातलं," तो शांतपणे म्हणाला. "जुन्या केल्टिक लोकांच्या कथा आहेत ना, दूरच्या पश्चिमेच्या, त्यावरून आम्ही आमच्या जगाला एक धर्म बनवला. ओकच्या झाडांची राई, राईत एक विहीर, विहिरीत तीन तोंडांची देवी. तिचे पुजारी म्हणजे ड्रुइड. पूर्वजांचं मस्तक उंबऱ्यावर ठेवायचं, ते घर राखतं. धर्माचं सगळं तीन-तीन गोष्टींत सांगायचं आणि पाठ करायचं. लिहायचं नाही."

"का लिहायचं नाही?"

"लिहिलं की माणूस ते कागदावर ठेवून निघून जातो. पाठ केलं की त्याला ते घेऊन फिरावं लागतं."

ज्याची पावती नाही तो व्यवहार खोटा, हे मी पस्तीस वर्षं लोकांना ऐकवलं. इथे तर पावती ठेवणं हेच पाप! आणि हे ताईला पटलं कसं? घरात ती मला चिठ्ठ्या लिहिते. 'गॅस संपलाय.' 'संध्याकाळी उशीर होईल.' लिहिणं हाच जिचा आधार, ती न लिहायच्या धर्मात काय शोधायला गेली? त्या घड्याळवाल्याचं भिंग डोळ्यावरून निघालं होतं तरी मला तो माणूस काही धुतल्या तांदळासारखा वाटेना.

"ताई त्यात कोण आहे?" मी विचारलं.

"ताई विहिरीच्या आई आहेत. सगळ्यांत मोठ्या पुजारीण. निकाल त्याच देतात." मग म्हणाला, "या रविवारी निकाल आहे. निकालाला एक परका साक्षी लागतो, कुठल्याच गावाचा नसलेला. दर वेळी आम्ही रिकामा स्टूल ठेवतो. तुम्ही बसता का?"

मी लगेच हो म्हणालो. तपासणीला कुणी स्वतःहून बोलावल्याचं माझ्या नोकरीत कधी घडलं नव्हतं.

रविवारी ताईने मला दुकानात बघितलं आणि तिचा चेहरा पडला. तोच पांढरा झगा तिच्या अंगावर होता. मला काही म्हणायला तिने तोंड उघडलं, मी म्हणालो, "हो, मी बसणार आहे, तू काळजी करू नकोस," आणि दाराजवळच्या स्टुलावर बसलो.

दुकानामागच्या खोलीत टेबल, टेबलावर हाताने रंगवलेला नकाशा, चहाचे कप, फासे. भिंतीवर वीस-पंचवीस घड्याळं, आणि एकूण एक बंद! लंबक हाताने थांबवलेले. मी ते ताबडतोब टिपलं. घड्याळवाला म्हणाला, बोलायची फांदी हातोहाती फिरते तेव्हा वेळ मोजायची नाही असा नियम आहे. खेळणारी आणखी दोन माणसं होती. भूगोलाचे निवृत्त मास्तर, ज्यांनी नकाशा रंगवला होता आणि जे दर पाच मिनिटांनी त्यावरचे खाऊचे कण टिपत होते. आणि औषधांच्या दुकानातली बाई, पन्नाशीची, दणकट. ती या गोष्टीत लोहार होती. सहा वर्षं तोच एक लोहार. त्याच्याबद्दल बोलताना ती 'मी' म्हणत होती. या वयात!

खटला लोहाराचाच होता. त्याला ताप आला होता, तापात तो बरंच काही विसरला. विहिरीच्या देवीचं गुप्त नाव तरी विसरू नये म्हणून त्याने ते एका लोखंडी पट्टीवर कोरून ठेवलं. म्हणजे लिहिलं. त्या धर्मात याहून मोठा गुन्हा नाही. पट्टी सापडली, लोहार कबूल झाला, आता विहिरीच्या आईने निकाल द्यायचा. औषधवालीने त्या लोहाराची माहिती लिहिलेला कागद दोन्ही हातांनी दाबून धरला होता.

मग फांदी आली. खरीखुरी वाळलेली फांदी, चंदेरी रंग दिलेली, तिला नऊ पितळी घुंगरं. मुठीच्या जागी मऊ कापड शिवलेलं, टाके ताईचे, मी ओळखले. घड्याळवाल्याने मला बजावून सांगितलं, "जिच्या हातात फांदी, तीच बोलणार. राजा असो की चोर, बाकी सगळे गप्प. कितीही वेळ लागो. आणि फांदी हातात असताना या खोलीत जो शब्द उच्चारला जाईल तो फांदीवालीचाच धरला जातो. परत घेता येत नाही. साक्षीदारांनी एवढंच लक्षात ठेवायचं."

"ठेवलं," मी म्हणालो.

ताईने फांदी घेतली. ती बोलायला लागली आणि मी कान टवकारले. आता पढवलेलं बाहेर येईल. पण ती अडखळत होती, घरी अडखळते तशीच. "लो... लोहारा," आणि थांबली. घुंगरं किणकिणली. कुणी हललं नाही. मास्तर तिच्याकडे बघत होते, पण जसं आपण स्टेशनावर आपल्या माणसाची वाट बघतो तसं, दवाखान्यात बघतात तसं नाही. ती पुढे बोलली. लोहाराने पहिला नांगर केला त्या दिवसाबद्दल. त्याने पुरात वाहून आणलेल्या मुलीबद्दल. वाक्यं मोठी होती, गुंतागुंतीची होती, एकाच्या पोटात दुसरं. घरात ताईचं चार शब्दांपेक्षा मोठं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला वाटत होतं तिच्याकडे तेवढीच आहेत.

"म्हणून," ताई म्हणाली, "वि... विहिरीच्या नावाने, या लोहाराला मी..."

आणि जीभ अडली. मानेच्या शिरा ताणल्या. डोळे मिटले. तीच माझी ताई, तोच चेहरा, नाटक कंपनीच्या माणसासमोरचा. पाच, दहा, पंधरा. घड्याळं बंद असली म्हणून काय झालं, मला मोजता येतं. सगळे नुसते बघत बसलेले. बाई गुदमरतेय आणि हे चहा गार करताहेत!

"हद्दपार करते," मी म्हणालो.

गुन्हा सिद्ध होता, कबुली होती, दुसरं काय म्हणणार होती ती? घुंगरं एकदाच वाजली, ताईचा हात खाली आला तेव्हा.

मी हसून म्हणालो, "झालं ना? मोकळे झालो." तेव्हा औषधवालीने माझ्याकडे बघितलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी बिघडलंय.

"हद्दपार म्हणजे गेलाच तो," मास्तर हळूच म्हणाले. "राईबाहेर गेलेला परत येत नाही. मला वाटतं, पाहुणे आहेत, नवे आहेत, हे धरू नये आपण."

घड्याळवाला म्हणाला, "ताई, तुम्ही सांगाल तसं. फांदी अजून तुमच्याकडे आहे."

ताईचा चेहरा पांढराफटक झाला होता. ती औषधवालीकडे वळली. "मी त्याला ना... नाव परत शिकवणार होते," ती म्हणाली. "नऊ दिवस माझ्या शे... शेजारी बसवून. लोखंड विहिरीला द्यायचं, आणि त्याला मा... माझ्यानंतर विहीर." पुन्हा थांबली. मी ओठ उघडले आणि मिटले. "पण शब्द गेला. इथेही दुसऱ्याचा शब्द मा... माझ्या तोंडी घालून मग काही घडलंच नाही असं म्हणता आलं, तर इथल्यात आणि घरच्यात फरक काय?"

औषधवालीने लोहाराच्या कागदाची घडी घातली. सहा वर्षांचा, कडा फाटलेला, चिकटपट्ट्या लावलेला. "निकाल मान्य," ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. नळाचा आवाज खूप वेळ येत राहिला. एका कागदी लोहारासाठी बाई रडते, हे मी कुणाला सांगितलं असतं तर मीच आधी हसलो असतो. त्या स्टुलावर मात्र मला मान वर करता येईना. मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पारड्याखाली हात घालून बघितलं. ताईच्या पारड्यात बोट कुणाचं आहे, हे बघायचं राहून गेलं होतं.

आम्ही घरी निघालो. लाज वाटत होती खरी, पण संशयाचं भूत एका दुपारीत उतरत नाही. बेकरीपाशी मी न राहवून म्हणालो, "त्या घड्याळवाल्यानेच तुला खोली घ्यायला लावली ना? अर्ज बघितलाय मी."

ताई फुटपाथवर थांबली. तिच्या हातात फांदी नव्हती, घुंगरं नव्हती, शेजारून रिक्षा, सायकली, भाजीच्या पिशव्या चालल्या होत्या. तिने बोलायला सुरुवात केली आणि मी डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट घट्ट धरून उभा राहिलो. जे ती बोलली ते इथे एका दमात लिहितो. बोलायला तिला किती वेळ लागला ते सांगणार नाही.

"घड्याळवाल्याला माहीतसुद्धा नाही. खोली मी शोधली. दोन वर्षं मी तिथे जातेय, आणि दोन वर्षांत मला कळलं की मला बोलायला खूप आहे. घरी आले की ते जातं. तू वाक्य पुरं करतोस, मग मला ते पुरं करायची गरज पडत नाही, आणि मग मला काय म्हणायचं होतं तेच मला आठवत नाही. मला नाटकात जायचं होतं. तू नाही म्हणालास आणि मी तीस वर्षं धरून चालले की नाही मीच म्हणाले. तू वाईट नाहीस, धाकट्या. तुला घाई आहे."

मी म्हणालो, "तू तेव्हा काही बोलली का नाहीस?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि तो किती मूर्ख आहे हे मलाच ऐकू आलं. ताई हसली. मग मला रडू आलं, भर रस्त्यात, बेकरीच्या दारात, आणि तिने अंगावर तसाच राहिलेल्या झग्याच्या रुंद बाहीने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

खोली बघायला मी गेलोच. संशय गेला नव्हता, फक्त त्याने पत्ता बदलला होता. मालकाचा जिना मोजला, कडीकोयंडे ओढून बघितले, नळ सोडून बघितला, छताला ओल आहे का बघितली. ओल नव्हती, याचा मला जरा रागच आला. राहायला जायच्या दिवशी ताईचं मशीन मी वर नेलं, डोकं वेगळं आणि पाय वेगळे, तीन खेपांत. मालक दारात वही घेऊन उभा होता. चांगला माणूस वाटला, म्हणजे लक्ष ठेवायला हवं.

अर्जातला कोरा रकाना त्याला भरायचा होता. "राहणार किती जण?" त्याने ताईला विचारलं.

ताईने तोंड उघडलं. मालक थांबला, मग अवघडला, मग सगळे बघतात तसं त्याने माझ्याकडे बघितलं. उत्तर मला ठाऊक होतं. दोन अक्षरांत, तीन अक्षरांत, कसंही देता आलं असतं, आणि सगळे सुटलो असतो. मी खिडकीच्या गजांकडे बघत राहिलो. मालकाने पेन वर केलं, खाली केलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहायला लागली तरी ताईचा शब्द येईना.

"मी," ताई म्हणाली. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. "मी ए... एकटी."

मालकाने तसं लिहून घेतलं, आणि मी मशीन खिडकीजवळ ठेवून एकटाच जिना उतरलो.